चारशे गजांची ओटी

आबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आम्ही यमुनेपलीकडे मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. इमारतीला लिफ्ट नव्हती. फ्लॅट घेताना मी सगळ्या बाबींचा विचार केला होता: पाण्याचा दाब, बसथांब्याचं अंतर, मुलीची शाळा, पश्चिमेचं ऊन. वडील म्हातारे होतील ही बाब त्यात धरायची राहून गेली.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडचे, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. हॉस्पिटलातून घरी आल्यावर त्यांना खाली न्यायचं तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचलावं लागे. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेजारचे सरदारजी. पहिल्याच खेपेला दुसऱ्या मजल्यावर आम्ही दम खायला खुर्ची टेकवली, तर तिथल्या बाईंनी दार उघडून चौकशी केली आणि पाणी आणून दिलं. ते खुर्ची उचलणारे आम्ही दोघं प्यायलो. आबा भिंतीकडे बघत बसले. त्या दिवसापासून त्यांनी खाली जायचं बंद केलं.

काही महिन्यांनी, रजेचा अर्ज द्यावा तशा आवाजात त्यांनी मला सांगितलं की थंडी सुरू व्हायच्या आत जमिनीवरच्या घराची सोय झाली तर ठीक, नाहीतर त्यांना गावी पुतण्याकडे पोचवावं. पुतण्या सज्जन होता. पण एकदा गेले की आबा परत येणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. हिनेच तेवढं बोलून दाखवलं. ही म्हणजे माझी पत्नी.

आमच्या इमारतीतल्या तळमजल्यावाल्यांना मी विचारून पाहिलं. त्यांनी पुढे बाग आणि मागे एकेक खोली वाढवून घेतली होती. बाग आणि खोली दोन्ही सरकारी जागेत होती, पण किंमत सांगताना ते दोन्ही धरून सांगत.

ते दिवस गुडगावचे होते. रविवारच्या वर्तमानपत्रात पानभर मनोरे छापून येत, त्यांची नावं परदेशी गावांची असत, आणि चित्रातल्या तलावाकाठी बसलेल्या माणसांपैकी एकही वयस्कर नसे. ऑफिसात दर महिन्याला कोणीतरी फ्लॅट बुक करून पेढे वाटे. मीही माहितीपत्रकं आणली आणि आबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली.

“वीज गेली की लिफ्टचं काय होतं?” त्यांनी विचारलं.

जनरेटर असतो, मी म्हणालो.

“डिझेल संपलं की?”

याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं.

फरिदाबाद सुचवलं ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने. तिथली जुनी वस्ती फाळणीनंतर सरहद्दीकडून आलेल्या लोकांसाठी वसवलेली. तिथे अजून एकमजली घरं होती आणि एकेका घराला बरीच जागा होती. नव्या लोकांना मनोरे हवे होते, त्यामुळे अशा घरांकडे फक्त बिल्डर बघत. सहकारी म्हणाला, तुम्हाला राहायलाच हवंय म्हटल्यावर स्पर्धा होणार नाही. तो हे चेष्टेत म्हणाला की कसं, मला कळलं नाही. मी ते मुद्दा म्हणून लिहून घेतलं.

डीलरचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. पूर्वी तिथे तो व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचा. केबल आल्यावर धंदा बसला, तेव्हा त्याने फळ्यांवरच्या कॅसेट हलवून तिथे नकाशे लावले. माणूस हुशार होता. मी गेलो ते पितृपक्षाचे दिवस होते. त्याने चहा पाजला आणि सांगितलं की श्राद्धाच्या दिवसांत इथे कोणी मकान दाखवतसुद्धा नाही, विकणं दूरच. नवरात्र सुरू झालं की या. मग त्याने माझं बजेट विचारलं, आणि मी सगळे पैसे चेकने देणार आहे म्हटल्यावर माझ्याकडे काळजीने पाहिलं.

“सगळे?”

मी सरकारी हिशेब खात्यात आहे, मी म्हणालो.

“अच्छा,” तो म्हणाला. एखाद्याने आजाराचं नाव सांगावं तसं त्याने ते ऐकून घेतलं.

चेकवाल्या माणसाला दाखवण्यासारखं त्याच्याकडे एकच घर होतं. चारशे गज. आपल्याकडे लोक चौरस फुटांत बोलतात, म्हणून मी मनात नऊने गुणलं: छत्तीसशे चौरस फूट. आमचा फ्लॅट बाल्कनी धरून सातशे. मी पुन्हा गुणून पाहिलं. मग विचारलं की यात जमिनीचे किती आणि बांधकामाचे किती. डीलर म्हणाला, सगळे जमिनीचेच. घराचं मोल शून्य. शून्यसुद्धा नाही, कारण पाडायला आणि मलबा उचलायला खर्च येईल, तो वजा धरा.

“पण मला त्यात राहायचंय,” मी म्हणालो.

“राहा ना,” तो म्हणाला. “नवं बनेपर्यंत भाड्याने राहा.”

पाडायचंच नाही, हे मी त्याला तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगितलं. तिन्ही वेळा त्याने मान डोलावली आणि विषय बदलला.

नवरात्रातल्या पहिल्या रविवारी हिला पहाडगंजात ओळखीच्यांकडे हळदीकुंकू होतं. मी तिला तिथूनच फरिदाबादचं घर बघायला घेऊन निघालो. तिच्या पिशवीत ओटीत मिळालेला नारळ, तांदूळ, सुपारी, रुपयाचं नाणं आणि एक ब्लाउजपीस होता. ब्लाउजपीस मोरपंखी रंगाचा, कडेला सोनेरी रेघ. या ब्लाउजपीसबद्दल इथे थोडं सांगायला हवं. दिल्लीतली मराठी मंडळी मोजकी, आणि ओटीत आलेला ब्लाउजपीस शिवायचा नसतो, जपून ठेवून पुढच्या ओटीत द्यायचा असतो असा सगळ्यांचा समज. त्यामुळे तेच ते ब्लाउजपीस करोलबाग, पहाडगंज, छावणी असे वर्षानुवर्षं फिरत राहतात. हा मोरपंखी हिने स्वतःच आदल्या वर्षी कोणाला तरी दिला होता. परत आला तेव्हा त्याची घडीसुद्धा हिचीच होती.

घर कोपऱ्यावर होतं. सगळ्यात आधी दिसलं ते हे, की घर रस्त्यापेक्षा खाली आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत रस्त्यावर थरावर थर पडत गेले, रस्ता चढत गेला, घर होतं तिथेच राहिलं. फाटकातून आत जायला एक पायरी होती आणि ती उतरायची होती. डीलर म्हणाला, हाच याचा मोठा दोष, पावसाचं पाणी आत येतं, म्हणून तर पाडायचं. मी टेप काढून पायरीची उंची मोजली. सहा इंच. तिथे उतार बांधला तर आबा काठी टेकत चालत आत येऊ शकत होते. मी टेप खिशात ठेवला आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. निदान मला तसं वाटलं.

आत व्हरांडा, तीन खोल्या, मग विटांचं अंगण, आणि अंगणापलीकडे मागच्या बाजूला आणखी दोन खोल्या, संडास, मोरी. छत लोखंडी गर्डरवर टाकलेल्या लाल दगडी लाद्यांचं. अंगणात हातपंप आणि एक पेरूचं झाड, त्याला दोरी बांधून रजया वाळत टाकलेल्या.

मालक नवराबायको होते, दोघं सत्तरीच्या पुढची. घर बाईंच्या नावावर होतं. त्यांना सगळे बीजी म्हणत, डीलरही. अंगाने लहान, आवाजाने नव्हे. त्यांचे यजमान व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते आणि बोलायचं काम त्यांनी बीजींवर सोपवलेलं दिसत होतं. बीजींनी चहा केला, खाऱ्या पुरीसारखी मठरी दिली, आमचं गाव विचारलं आणि आमच्या घरात कोण कोण असतं ते विचारलं. हिने आबांचं सांगितलं. खुर्चीचंही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

निघताना हिला वाटलं, पहिल्यांदाच आलेल्या घरातून, तेही नवरात्रात, वयस्कर सवाष्णीची ओटी न भरता निघायचं कसं. पिशवीत सगळं होतंच. तिने बीजींना पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि पदर पुढे करायला सांगितलं. बीजींनी ओढणी पसरली. हिने त्यात नारळ, तांदूळ, सुपारी, रुपया आणि मोरपंखी ब्लाउजपीस घातला आणि वाकून नमस्कार केला. बीजी क्षणभर ओढणीत बघत राहिल्या, मग त्यांनी हिच्या डोक्यावर हात ठेवला. यजमानांनी पेपर खाली घेतला. डीलर म्हणाला, “बीजी?” बीजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मला यातलं काही खटकलं नाही. मी मागच्या भिंतीची लांबी टिपत होतो.

पुढच्या आठवड्यात मी एकटा जाऊन सगळी मापं पुन्हा घेतली. ती कागदपत्रांशी जुळली, त्यामुळे भाव कमी करायला मुद्दा उरला नाही. मला देता येत होता तो आकडा मी डीलरला सांगितला. प्रॉव्हिडंट फंडाचा ॲडव्हान्स, फ्लॅट विकून येणारे आणि हिचं सोनं, एवढ्याची ती बेरीज होती आणि तिच्यात वाढ व्हायला जागा नव्हती. डीलर म्हणाला, बघतो. त्याने बघतो म्हटलं की दहाएक दिवस काही होत नसे.

दिवाळीच्या सुमाराला त्याचा ऑफिसात फोन आला. त्याने नमस्कारसुद्धा केला नाही.

“साहबजी, आपने बीजी की झोली में क्या डाला?”

मी त्याला यादी सांगितली.

मग त्याने जे सांगितलं त्याचा सारांश असा. एक बिल्डर आला होता. त्याचा आकडा माझ्यापेक्षा इतका मोठा होता की त्या फरकात माझा दोन वर्षांचा पगार बसला असता. बीजींचा मुलगा तयार होता. त्याने गुडगावला नवव्या मजल्यावर फ्लॅट बुक केला होता आणि त्याचे हप्ते जड जात होते. सगळं ठरल्यात जमा होतं. आणि बीजी म्हणाल्या की मकान गेलं. नवरात्रात मराठ्यांची सून आली, तिने झोळीत शगुन टाकला, आपण तो घेतला, आता दुसऱ्याला हो म्हणता येत नाही.

त्यांच्याकडे मुलीचं लग्न ठरतं ते असंच, डीलर म्हणाला. झोळीत नारळ आणि रुपया पडला की ठरलं. मग मागे कोणी राजा जरी आला तरी तो परत जातो. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला हे माहीत नसावं याचं त्याला वाईट वाटलं. मग त्याने कामाचं सांगितलं. येत्या रविवारी येऊन, सगळ्यांसमोर, तो शगुन नव्हता एवढं सांगा. म्हणजे बीजी मोकळ्या होतील. माझ्यासाठी तो दुसरं काही बघेल. पहिल्या मजल्यावर चालेल का, असंही त्याने विचारलं.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं.

“मग छानच झालं की,” ही म्हणाली.

मी म्हणालो, अगं, छान कसं? त्यांचा गैरसमज झालाय. तू रीत म्हणून ओटी भरलीस, त्यांना वाटलं सौदा झाला. त्यांचं केवढं नुकसान होतंय.

“दिलेली ओटी परत मागायला जाणार तुम्ही? बिल्कुल नाही. आजपर्यंत असं कोणी केलंय?”

“परत मागत नाहीये. ती ओटी होती एवढंच सांगायचंय.”

“त्याने काय होईल?”

घर जाईल, मी म्हणालो.

आबा आतल्या खोलीत कॉटवर होते. फ्लॅट सातशे चौरस फुटांचा असल्यामुळे त्यांनी सगळं ऐकलंच होतं. त्यांनी मला हाक मारली. मला वाटलं, काहीतरी सांगतील. हो किंवा नाही.

“पायरी किती म्हणाला होतास?” त्यांनी विचारलं.

“एक. तीही उतरायची.”

“हं,” ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्यवहारातल्या चुका शोधून त्यावर शेरे मारण्याचा पगार घेतला. चूक माझ्या फायद्याची निघाली म्हणून शेरा मारायचा नाही, हे मला जमलं नसतं. यात मोठेपणा नाही. ज्याला ज्याची सवय असते तेच त्याला येतं. रविवारी मी निघालो. ही म्हणाली, मीही येते, ओटी मी भरली होती. शटल गाडीत आम्ही समोरासमोर बसलो आणि फरिदाबाद येईपर्यंत बोललो नाही.

व्हरांड्यात सगळे जमले होते. बीजी खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. यजमान पेपरामागे होते. मुलगा चाळिशीचा, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर, उभाच होता. डीलर आमच्यासाठी खुर्च्या ओढून देत होता, जणू लग्नघरातला माणूस.

मी सविस्तर सांगितलं. आमच्यात सवाष्ण बाई पहिल्यांदा भेटली की तिची ओटी भरतात. ओटीचा जमिनीशी किंवा सौद्याशी काही संबंध नसतो. तांदूळ कशासाठी, नारळ कशासाठी, तेही सांगितलं. असं आम्ही कुठेही करतो, भाड्याचं घर बघायला गेलो तरी करू. त्यामुळे बीजींनी स्वतःला बांधील समजू नये, आणि जास्त किंमत येत असेल तर जरूर घ्यावी. माझं हिंदी हिशेबापुरतं चांगलं आहे, भावनेपुरतं नाही, तरी मुद्दे सगळे आले.

मुलाने सुटकेचा नि:श्वास टाकला. “देखा, बीजी? ये तो खुद कह रहे हैं.”

बीजींनी मेथीची काडी बाजूला टाकली आणि हिच्याकडे पाहिलं.

“पुत्तर, तूने दिल से डाला था?”

“हाँ जी,” ही म्हणाली.

“फिर?” बीजी मुलाकडे वळल्या. “डालने वाली का रिवाज उसका. झोली तो मेरी थी.”

मुलाने वडिलांकडे पाहिलं. पेपराच्या मागून एवढंच आलं, “नवरात्रों में पड़ी चीज लौटाते नहीं.” डीलरने जमिनीकडे बघत मान हलवली. किमतीवर तो दिवसभर बोलला असता, पण या बाबतीत त्याच्यापाशी बोलायला काही नव्हतं, कारण त्याच्या स्वतःच्या बहिणींची लग्नं अशीच ठरली होती.

माझ्या लक्षात आलं की एक गोष्ट सांगायची राहिलीये. तो ब्लाउजपीस मुळात नवा नव्हता, बऱ्याच घरी फिरून आलेला होता, आणि शगुनाची वस्तू कोरी असावी लागत असेल तर हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. मी “एक और बात” असं म्हणालोही. तेवढ्यात हिने माझ्या पायावर पाय ठेवला. ती सँडल घालून होती.

“बस,” बीजी मला म्हणाल्या. “चाय पियोगे?”

मुलगा आणि डीलर फाटकापाशी जाऊन हळू आवाजात बोलायला लागल्यावर बीजींनी आम्हा दोघांना मागच्या खोल्या दाखवायच्या निमित्ताने अंगणातून पलीकडे नेलं. तिथे त्या हातपंपाच्या ओट्यावर बसल्या आणि माझ्याकडे वळल्या.

“तेरे को किसने कहा था सच बोलने को?”

मी म्हणालो, डीलरने.

मग त्यांनी सांगितलं. ओटी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. वस्तीमागच्या कारखान्यात एक मराठी फोरमन होता, त्याच्या बायकोने त्यांची दोनदा ओटी भरली होती, आणि तिला त्यांनी काही विकलं नव्हतं. बिल्डरला महिन्यात ताबा हवा होता, पाडायला. मुलाने त्यांना गुडगावला नेऊन फ्लॅट दाखवला होता. फ्लॅट म्हणजे एक खड्डा होता. मोठा होता, त्यात पाणी साचलं होतं, आणि कडेला तलावाचं चित्र लावलं होतं. मुलगा म्हणाला, सहा महिने भाड्याच्या घरात काढा, मग सरळ नवव्या मजल्यावर.

“तंबू में भी छह महीने बोले थे,” बीजी म्हणाल्या. फाळणीनंतर त्या तंबूत किती काळ राहिल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मुलाला नाही म्हणायचं तर कारण हवं होतं. पैशाचं कारण सांगितलं असतं तर त्याच्यापाशी बिल्डरचा मोठा आकडा होता. म्हातारपणाचं सांगितलं असतं तर त्याच्यापाशी लिफ्ट होती. त्यात माझी बायको नारळ घेऊन आली. हा माणूस पाडणार नाही, पायरी मोजतोय, घरी म्हातारा आहे, एवढं त्यांना पहिल्या दिवशीच दिसलं होतं. झोळी पसरायला त्यांनी उशीर केला नाही.

“और तू आ गया समझाने.” त्या उठल्या. “अगली बार सच बोलना हो तो पहले मेरे से पूछ लेना.”

मी हो म्हणालो.

त्यांची एकच अट होती. मुलाचा फ्लॅट उभा राहीपर्यंत मागच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे यजमान राहतील. भाडं नाही. मी म्हणालो, मुदत घालायला हवी. त्या म्हणाल्या, घाल. मी करारात सहा महिने घातले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नंतर आठवून पाहिलं.

रजिस्ट्री झाली तोवर थंडी पडली होती. आबांनी मला मुदत वाढवून दिली होती, तोंडी. फाटकापाशी मी सिमेंटचा उतार करून घेतला, एक फुटाला एक इंच या प्रमाणात, बाजूला पाइपाचा कठडा. सामान टेम्पोने आलं, आबा टॅक्सीने. सरदारजींबरोबर खुर्चीतून खाली उतरायची ती शेवटची खेप होती, आणि त्या खेपेला आबा सरदारजींशी वाटेत क्रिकेटवर बोलले. फाटकाशी टॅक्सीतून उतरून त्यांनी काठी टेकली, कठडा हलवून पाहिला आणि चालत आत आले. मी मागून त्यांचा हात धरून चालत होतो. “सोड,” ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं घर बराक तपासावी तसं फिरून पाहिलं, आणि शेवटी व्हरांड्यात येऊन यजमानांच्या वेताच्या खुर्चीत बसले. यजमान अंगणातून पेपर घेऊन आले आणि खुर्ची भरलेली पाहून थांबले. यजमानांनी आतून बसायचा मोढा आणला, आबांच्या शेजारी ठेवला, आणि बसून पेपराचं मधलं पान आबांना दिलं. पुढे ही व्यवस्था कायम झाली. पेपर एकच येई आणि त्यावरून रोज भांडण होई. एक जण पेशावरी हिंदीत बोले, दुसरा पलटणीतल्या. कोणाचं कोणाला किती कळे ते मला माहीत नाही. भांडण मात्र दोघांना कळे.

पावसाळ्यात डीलरने सांगितल्याप्रमाणे पाणी आत आलं. घोट्यापर्यंत. बीजींनी आधीच्या सगळ्या पावसाळ्यांत कोणती वस्तू कोणत्या फळीवर चढवायची ते ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे नुकसान फक्त आमच्या गाद्यांचं झालं. ऑफिसात पेढे वाटणाऱ्यांनी मला विचारलं, जुनं घर कसं आहे. मी म्हणालो, जमिनीवर आहे.

सहा महिन्यांची सव्वादोन वर्षं झाली. मी करार काढून दाखवला नाही. मुलगा दर महिन्याला येई, मागच्या खोलीत बसून बांधकाम कुठवर आलं ते सांगे, आणि जाताना पेरू घेऊन जाई. तिसरा मजला झाला तेव्हा त्याने फोटो आणला होता. हिने या काळात बीजींकडून मठरी शिकून घेतली आणि त्यांना मराठी बायकांच्या सगळ्या चालीरीती सांगून टाकल्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, हे मला पुढे कळलं.

अखेर मनोरा उभा राहिला. मुलगा गाडी घेऊन आला. सामान फारसं नव्हतं, दोन ट्रंका आणि त्या रजया. वेताची खुर्ची यजमानांनी मागे ठेवली, म्हणाले, तिकडे बाल्कनी लहान आहे. आबा काठी घेऊन फाटकापर्यंत आले होते आणि उतारावर उभे होते. त्यांनी यजमानांना विचारलं, कितवा मजला. नववा, यजमान म्हणाले. आबा म्हणाले, पेपर वाचायला येत जा, दोन पानं ठेवतो.

ही आतून ताट घेऊन आली. नारळ, तांदूळ, सुपारी, रुपया, ब्लाउजपीस. या वेळी जांभळा. गाडीच्या दारात बसलेल्या बीजींनी ताटाकडे पाहिलं.

“अब क्या लेना है? मकान तो ले लिया.”

“कुछ नहीं, बीजी,” ही म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “ऐसे ही.”

बीजींनी ओढणी पसरली. सगळं झोळीत पडल्यावर त्यांनी ब्लाउजपीस उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि घडी बोटाने चाचपली.

“यह भी घूमा हुआ है?”

नाही, नवीन आहे, ही म्हणाली, बाजारातून आणलाय. बीजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. बिल माझ्या खिशात होतं, पण कोणी मागितलं नाही.